डंपिंगवरून आणलेला

फॉर्मवर एक रकाना होता, 'रुग्णाची सख्खी भावंडं किती?' मी त्यात लिहिलं, एक.

समोर तेजल बसली होती. अंधेरीच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात बोन मॅरोच्या पेशंटांचे कागद तीच सांभाळायची. तिशीतली, बोलायला गोड, हाताला सॅनिटायझरचा वास. माझ्या शेजारी आई. आईनेही तो आकडा वाचला असणार, कारण तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. मी फॉर्म सरकवला, माझ्या दंडातून दोन नळ्या रक्त गेलं, आणि आम्ही रिक्षा पकडून मुलुंडला घरी आलो.

मी खोटं लिहिलं नव्हतं. खोटं बोलताना माणसाला निदान खरं काय ते आठवत असतं. मला दुसरा भाऊ त्या वेळी आठवलाच नाही.

निलेश आमच्यात धाकटा. चाळीस वर्षांचा, लग्न केलेलं नाही, घाटकोपरच्या एका कुरिअर ऑफिसात कामाला. गणपतीत त्याच्या दंडावर, मांड्यांवर निळे डाग यायला लागले. आधी वाटलं, पार्सलं उचलताना लागलं असेल. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते थांबेना. डॉक्टरांनी सांगितलं, हाडांतल्या मगजाने रक्त बनवायचं बंद केलंय. बाहेरून बाटल्या चढवत किती दिवस काढणार? दुसऱ्या कुणाचा तरी मगज द्यायला हवा, आणि जुळला तर सख्ख्या भावंडाचा सगळ्यात चांगला. "नाही जुळला तर?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बघू." डॉक्टर 'बघू' म्हणतात तेव्हा त्यांना जे दिसायचं ते दिसलेलं असतं.

पण मला काळजी नव्हती. मी आणि निलेश म्हणजे एकच तोंड. सावळा रंग, बारीक डोळे, पुढच्या दोन दातांत फट, हनुवटीला खळी. बाबांचं तोंड. आमच्या चाळीत नवीन आलेली बाई मला रस्त्यात थांबवून विचारायची, तुम्ही निलेशच्या ताई ना? माझं नाही जुळणार तर कुणाचं जुळणार?

हे मी, श्वेता, बोलतेय. मुलुंडच्या एका ज्युनियर कॉलेजात बायोलॉजीच्या लॅबमध्ये अठरा वर्षं सहायक आहे. मायक्रोस्कोप लावणं, स्लाइड पुसणं, पोरांनी लेन्स आपटून स्लाइड फोडली की ओरडणं, हे माझं काम. अकरावीला मायोसिस येतं. शाळेच्या पुस्तकात त्याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात, पण आमच्याकडे सगळे मायोसिसच म्हणतात. त्या दिवशी मी कपाटातून माझ्या मण्यांच्या माळा काढते, एक माळ म्हणजे एक गुणसूत्र. जोडीतली एक लाल, एक पिवळी. शिकवणाऱ्या मॅडम त्या बाकावर शेजारी शेजारी ठेवतात आणि दरवर्षी तेच बोलतात. आईच्या पोटात बीज तयार होताना तिच्या या दोन माळा आधी एकमेकींना बिलगतात, थोडे मणी अदलाबदल करतात आणि मग वेगळ्या होतात. बीजात दोघींतली एकच जाते. कुठली, ते कुणी ठरवत नाही. अशा तेवीस जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा कारभार वेगळा, एक जोडी दुसरीला विचारत नाही. बापाकडेही तसंच. म्हणून एकाच आईबापाची दोन मुलं एकसारखी निघत नाहीत. भाषण संपलं की पोरं मणी खिशात घालून पळतात आणि मला पुन्हा ओवत बसावं लागतं.

अठरा वर्षं मी हे मागे उभी राहून ऐकलंय. मला तोंडपाठ आहे. आणि फॉर्म भरताना मी तोंड बघितलं.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. तेजलने मला एकटीलाच आत बोलावलं, तेव्हाच समजायला हवं होतं.

"मॅडम, आपण जे बघतो ना, ते सहाव्या गुणसूत्रावर असतं. आईकडून एक, वडिलांकडून एक. भावंडांत पूर्ण जुळण्याचा चान्स चारात एक. अर्धं जुळण्याचा चारात दोन. आणि अजिबात न जुळण्याचा..."

"चारात एक," मी म्हटलं.

"तुमचं अजिबात जुळत नाही."

आईच्या दोन माळांतली एक मला आली, दुसरी निलेशला. बाबांच्या दोनांतली एक मला, दुसरी निलेशला. त्या जागेवर आमच्यात एक मणीसुद्धा सारखा नाही. तोंड दुसऱ्याच माळांवर बनतं, शंभर जागी बनतं, त्याचा याच्याशी काही संबंध नसतो. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला काही वाटलं नाही. खरंच काही नाही. टेबलावर पेपरवेट होता, त्यात हिरवं पान होतं, ते बघत बसले.

"आईंचं अर्धं जुळेल," तेजल म्हणाली, "पण त्यांचं वय बहात्तर, शुगर आहे. बाहेरच्या डोनरसाठी रजिस्ट्रीत नाव टाकू, पण तोवर इन्फेक्शन झालं तर... अजून कुणीच नाही का?"

"एक भाऊ आहे," मी म्हटलं.

तिने फॉर्म काढला. माझं अक्षर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सख्खा?"

मी लगेच 'हो' म्हणाले नाही.

त्याचं नाव चंद्रप्रकाश, घरात चंदू. आम्हा तिघांत मधला, निलेशहून तीन वर्षांनी मोठा. बाबांच्या गिरणीचा संप सुरू असताना झाला. नावसुद्धा घरातलं नाही, बाबांच्या साच्यावरच्या एका मित्राने ठेवलेलं. आमच्या सावळ्या घरात हा गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, केस कुरळे. कोकणातून कुणी आलं की पहिला प्रश्न, हा कुणावर गेला? आणि आई हसत सांगायची, "ह्यो आमका डंपिंगार गावलो." मुलुंडचं डंपिंग ग्राउंड आमच्या घरामागेच, वारा फिरला की जेवताना वास यायचा. सगळे हसायचे. गाडीतून टाकला आणि मालनताईंनी, म्हणजे आईने, उचलला, असं पुढे कुणी कुणी जोडत जायचं. मी तर गोष्टच रचली होती, कचऱ्याच्या कुठल्या ढिगावर, कुठल्या टोपलीत, टोपलीत सोबत काय काय होतं. तो सहा वर्षांचा असताना एकदा डंपिंगच्या गेटवर जाऊन उभा राहिला होता. तिथल्या वॉचमनने घरी आणून सोडला. तेव्हाही आम्ही हसलो.

आठवीत एनसीसीच्या कॅम्पसाठी त्याचा रक्तगट तपासला. आई, बाबा, मी, निलेश, आम्ही चौघेही बी. त्याचा ओ आला. झालं, पुरावाच सापडला. बी आईबापांना ओ पोर होतं, दोघांकडे लपलेली एकेक माळ एकत्र आली की होतं, हे मला लॅबमध्ये लागल्यावर कळलं. कळलं, आणि मी ते घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. चेष्टा होती ती. चेष्टा कोण दुरुस्त करत बसतं?

नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले. चंदू गोरेगावला फिल्म स्टुडिओत लाइटमन आहे. शूटिंग चालू असलं की यांचे फोन जमा करून घेतात. निरोप मिळून तो निघाला तोवर आम्ही स्मशानात पोचलो होतो. बापाचं मडकं थोरला मुलगा धरतो. एक तास थांबलो असतो तर तो आला असता. भीमराजकाका, बाबांचे चुलत भाऊ, निलेशकडे बघून म्हणाले, "तोंड बघा, बळवंतच उभा आहे. द्या यालाच." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण आई घरी होती आणि मोठी मी होते. मी म्हटलं, द्या.

चंदू आला तेव्हा अग्नी देऊन झाला होता. त्याच्या खांद्यावर अजून केबलचा काळा डाग होता. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आम्ही तासभर काय काय कबूल केलं, आईला सांभाळू, निलेशचं लग्न करू, गावचं घर शाकारू. चंदूचं नाव कुणी घेतलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि आम्ही आंघोळ करून घरी आलो.

तर त्या रविवारी मी दहिसरला गेले. नदीच्या अलीकडे त्याची चाळ. पत्ता प्रांजलकडून, म्हणजे त्याच्या बायकोकडून मिळाला. ती दर दिवाळीला आईला फोन करते, एवढाच काय तो धागा.

दार एका मुलीने उघडलं. अकरा-बारा वर्षांची. सावळी, बारीक डोळे, दातांत फट, हनुवटीला खळी. मी बोलायला आलेलं सगळं विसरले.

"कोण आहे गं श्रुतिका?" आतून चंदूचा आवाज.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "माहीत नाय पप्पा. पण माझ्यासारखी दिसते."

चंदू बाहेर आला. केस पांढरे झालेत, डोळे तेच. "ये," म्हणाला. "आई बरी आहे ना?"

मी बसले. पाणी प्यायले. मुलीवरून नजर हलेना. ती तीन वर्षांची असताना पाहिली होती, तेव्हा चार लहान मुलांसारखीच दिसायची.

"तुझीच कॉपी आहे," तो म्हणाला. "नऊ वर्षं रोज सकाळी तुझं तोंड बघून कामाला जातो."

तो हसत नव्हता. मीही नाही. मी निलेशचं सगळं सांगितलं, मगज, बाटल्या, चारात एक. तो शेवटपर्यंत ऐकून घेतो, पहिल्यापासूनच.

"आधी कोणाचं टेस्ट केलं?"

"माझं."

"आणि?"

"शून्य."

"तुझं शून्य? तुम्ही दोघं तर झेरॉक्स ना!"

"हो."

"किती दिवस गेले त्यात?"

"तीन आठवडे." मग मी तेही सांगून टाकलं. "फॉर्मवर विचारलं होतं, भावंडं किती. मी एक लिहिलं."

तो खिडकीकडे गेला. तिथे दोरीवर मुलीचे शाळेचे मोजे वाळत होते, ते त्याने चाचपले, एक काढला, एक ओला होता तो राहू दिला. मला वाटलं, आता हाकलून देईल. हाकलून दे, असंही वाटलं. निदान ते झालं असतं.

"उद्या शिफ्ट आहे," तो म्हणाला. "परवा येतो. किती वाजता?"

तो आला, रक्त दिलं, गेला. निलेशच्या खोलीच्या काचेबाहेर दोन मिनिटं उभा राहिला. निलेशने हात वर केला, यानेही केला. आईला त्या दिवशी मी मुद्दाम आणलं नव्हतं. ती काय बोलेल याची मला खात्री नव्हती.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. तेजल दारातच हसत होती. "पूर्ण जुळलं. दहापैकी दहा."

मी खुर्चीत बसले. आत अजूनही काही हललं नव्हतं. निलेश वाचेल, असं मनात म्हणून बघितलं. दुसऱ्याच कुणाचा तरी निलेश असावा तसं वाटलं.

चंदूने तो कागद हातात घेतला. डोनरला दुखतं का, किती दिवस सुट्टी लागेल, हे लोक पहिलं विचारतात, असं तेजल सांगत होती. त्याने ते काही विचारलं नाही.

"मॅडम, एक सांगा. ह्याच्यावरून कळतं का, की मी ह्यांचाच आहे?"

तेजलला प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे, ह्याच आईबापाचा."

तिने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा तो पेपरवेट शोधत होते. मग ती सावकाश म्हणाली, "ही टेस्ट त्यासाठी नसते सर. पण बाहेरच्या माणसाचं असं जुळणं लाखात एखादं. तुमची आईकडची बाजू आणि भावाची आईकडची बाजू एकच आहे. वडिलांकडचीही एकच. त्यांच्या दोघांतलं जे भावाला मिळालं, तेच तुम्हाला मिळालंय."

"आणि माझा रक्तगट ओ आहे. त्याचा बी."

"ते नवव्या गुणसूत्रावर. त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. मगज द्यायला अडचण नाही."

"ह्याची कॉपी मिळेल?"

तिने कॉपी काढून दिली. त्याने चार घड्या घातल्या, प्लास्टिकच्या पाकिटात, जिथे तो रेल्वेचा पास ठेवतो तिथे मागे ठेवली, आणि पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात घातलं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस. मी बघत होते. मला माफी मागायला हवी होती, शब्दसुद्धा साधे होते, पण तोंड उघडेना. लिफ्टमध्ये तो म्हणाला, "भूक लागलीय. वडापाव खाऊ या?" आम्ही उभ्याने खाल्ले.

डिसेंबरात ते झालं. चंदूच्या कमरेच्या हाडातून मगज काढला, पिशवीत भरला आणि निलेशच्या छातीतल्या नळीतून सोडला. मी समजत होते काहीतरी मोठं दिसेल. लालसर पिशवी होती, रक्ताच्या इतर पिशव्यांसारखीच. दोन-तीन तासांत संपली. मग आठवडेच्या आठवडे काचेमागे. ताप, उलट्या, तोंडात फोड. बाविसाव्या दिवशी त्याचे आकडे वर चढायला लागले. चंदू शिफ्टच्या आधी नाहीतर नंतर यायचा, काचेबाहेर उभा राहायचा. आई समोरच्या बाकावर असायची. दोघं एकमेकांना जेवलास का, जेवलीस का विचारायचे. त्यापुढे गाडी जायची नाही.

एप्रिलमध्ये निलेश घरी होता. एक दिवस मी आणि आई त्याला मुलुंडच्या आमच्या नाक्यावरच्या लॅबमध्ये रक्त तपासायला घेऊन गेलो. तिथली मुलगी नवीन. तिने जुनी फाइल उघडली, नवा रिपोर्ट बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, परत सॅम्पल द्यावं लागेल. काहीतरी मिक्स झालंय. तुमचा ग्रुप बी आहे ना? इथे ओ येतोय."

मी सांगणारच होते, मगज बदलला की रक्तगट बदलतो, आता याच्या अंगात वाहतंय ते चंदूचं रक्त आहे. शब्द तयार होते. त्याआधी आई उठली. काठी न घेता उठली.

"मिक्स नाय झाला," ती म्हणाली. "बरोबर आसा ता. माझ्या थोरल्या झिलाचो ओ आसा."

"झील म्हणजे?" मुलीने विचारलं.

"मुलगा," निलेश म्हणाला.

"थोरलो झील," आई पुन्हा म्हणाली, थोडं मोठ्याने, जणू त्या मुलीने ऐकलं नव्हतं. लॅबमध्ये बाकड्यावर चार माणसं बसली होती. कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही. त्रेचाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून, चार लोकांत, ते पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हा मला वाटलं. सहा महिने जे वाटत नव्हतं ते सगळं एकदम, आणि त्यात सगळ्यात वर लाज होती. ती टोपली मी विणली होती. 'द्या' मी म्हटलं होतं. लॅबच्या पायरीवर बसून मी रडले आणि निलेश, ज्याला स्वतःला धड उभं राहवत नव्हतं, माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

डोळे पुसले आणि चंदूला फोन लावला. बंद. शिफ्ट होती, फोन जमा असणार. मेसेज टाकता आला असता. मी टाकला नाही. त्या दोघांना घरी सोडलं आणि बस पकडून गोरेगावला गेले.

स्टुडिओच्या गेटवर वॉचमनने रजिस्टर बघितलं. "लाइटवाले चंद्रप्रकाश? आत आहेत. पॅकअपला अजून तास-दीड तास. निरोप देऊ?"

"नको. मी थांबते."

त्याने प्लास्टिकची खुर्ची सरकवली. मी बसले. ऊन पायांवर आलं होतं. थोड्या वेळाने त्याला कंटाळा आला असावा.

"कोण तुम्ही त्यांच्या?"

"सख्खी बहीण."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. "दिसत नाही तसं," म्हणाला.

"नाही दिसत," मी म्हटलं, आणि बसून राहिले.